नदीचे प्रतिरूप आणि चुकांचे दप्तर

पुण्याहून सिंहगडाकडे निघालेल्या माणसाला खडकवासल्याचे धरण दिसते, त्याच्या काठची चौपाटी आणि भाजक्या कणसांच्या गाड्या दिसतात; परंतु त्याच धरणाच्या शेजारी जे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र गेली कित्येक दशके आपले काम निमूटपणे करीत आले आहे, आणि ज्याच्या आवारात देशातील अनेक नद्यांची पात्रे, बंदरांची मुखे व धरणांचे सांडवे सिमेंट-वाळूच्या लहान आकारात नांदून गेले आहेत, त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ साली ज्याचा पाया घातला त्या या केंद्राची आज मुद्दाम आठवण काढण्याचे कारण असे की, पृथ्वीचे, शहराचे, शेताचे आणि नदीचे 'डिजिटल ट्विन' करण्याची जी भाषा सरकारी परिपत्रकांपासून विद्यापीठांच्या परिसंवादांपर्यंत सर्वत्र कानी पडू लागली आहे, ती ऐकताना एखाद्याचा असा समज व्हावा की नदीसारखी दुसरी नदी करून तिला प्रश्न विचारण्याची युक्ती काल-परवाच कोणाला सुचली. ती फार जुनी आहे. आणि जुन्या प्रतिकृतीकारांच्या अंगी जी एक शिस्त होती ती नव्यांनी वारशाने घेतली की नाही, हाच माझ्या मते या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

ती शिस्त जरा जवळून पाहण्याजोगी आहे. नदीचा काही मैलांचा पट्टा एखाद्या मैदानात बसवायचा तर लांबी-रुंदी शेकडो पटींनी घटवावी लागते. पण खोलीही त्याच पटीने घटवली तर पात्रात पाणी न राहता नुसती ओल उरते, आणि ओलीला प्रवाहाचे नियम लागू पडत नाहीत. म्हणून उभे प्रमाण मुद्दाम मोठे ठेवतात. त्यामुळे उतार वाजवीपेक्षा तीव्र होतो आणि पाणी वाजवीपेक्षा वेगाने धावू लागते. तो वेग आवरण्यासाठी तळाला खडे बसवून पात्र खरबरीत करावे लागते. मग ज्याच्या पातळ्या पूर्वी प्रत्यक्ष मोजून ठेवलेल्या आहेत असा एखादा जुना पूर त्या पात्रात सोडायचा, सुईच्या मापकाने ठिकठिकाणी पाणी मोजायचे, कागदाचे कपटे टाकून प्रवाहाचे वळण न्याहाळायचे, आणि दप्तरातला पूर व पात्रातला पूर एकमेकांशी जुळेपर्यंत खडे काढायचे, घालायचे, पुन्हा हलवायचे. इतके झाल्यावर अहवालात नमूद करायचे की, ही प्रतिकृती अमुक प्रमाणात विकृत आहे, पातळीच्या बाबतीत तिच्यावर भरवसा ठेवण्यास हरकत नाही, गाळाच्या बाबतीत मात्र सावधपणे ठेवावा. या केंद्राचे प्रदीर्घ काळ नेतृत्व करणारे क्लॉड इंग्लिस हे अशा विकृत-प्रमाण प्रतिकृतींचे मोठे पुरस्कर्ते होते, आणि त्या पिढीचा अभियंता आपली सिमेंटची नदी कोठे कोठे खोटी आहे हे पाहुण्याला आधी सांगत असे.

नव्या प्रतिरूपाचा विशेष असा की त्याचा मूळ वस्तूशी संबंध सतत चालू राहतो. पर्जन्यमापक, नदीतील पातळीदर्शक, उपग्रह, धरणाच्या दरवाजांवरील संवेदक यांच्याकडून घटकेघटकेला वार्ता येते, संगणकातील नदी तिच्यानुसार आपली अवस्था बदलते, आणि उद्या काय होईल किंवा अमुक केले असते तर काय झाले असते हे तिला विचारता येते. १९७० च्या एप्रिलात अपोलो-१३ यानातील प्राणवायूची टाकी फुटली तेव्हा ह्यूस्टनच्या अभियंत्यांनी जमिनीवरील सराव-यंत्रांत यानाची तीच दुरवस्था उभी करून परतीच्या खटपटी आधी तेथे आजमावल्या, हे या कल्पनेचे पूर्वचरित्र म्हणून सांगितले जाते. २००२ च्या सुमारास मायकेल ग्रीव्ह्ज यांनी कारखान्यांतील उत्पादनासाठी ती रीतसर मांडली. आणि पुढे युरोपीय संघाने तिचा पल्ला थेट पृथ्वीपर्यंत नेला. 'डेस्टिनेशन अर्थ' या नावाच्या त्यांच्या प्रकल्पाची पहिली प्रणाली जून २०२४ मध्ये फिनलंडमधील कायानी येथे, 'लुमी' नावाच्या महासंगणकाच्या सान्निध्यात, कार्यान्वित झाली, आणि २०३० पर्यंत पृथ्वीचे समग्र प्रतिरूप सिद्ध करण्याचा त्यांचा संकल्प आहे. आपल्याकडेही पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत 'अर्का' हा महासंगणक आला असून, तिने विकसित केलेली सहा किलोमीटरांच्या जाळीची 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये राष्ट्राच्या सेवेत रुजू झाली. तिचे गणित भौतिकशास्त्राच्या समीकरणांचे आहे, शिकणाऱ्या यंत्राचे नव्हे. पण प्रतिरूपाला लागणारी जमीन अशीच तयार होते.

कृत्रिम बुद्धिमत्ता या मसलतीत येते ती वेगाच्या निमित्ताने. वातावरणाची समीकरणे सोडवण्यास महासंगणकालाही पुष्कळ वेळ आणि वीज लागते. उलट २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडच्या 'ग्राफकास्ट'ने दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका मिनिटाच्या आत काढून दाखवला, आणि युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये आपली स्वतःची बुद्धिमान प्रणाली कामाला लावताना असे सांगितले की अंदाजामागे लागणारी ऊर्जा तिच्यामुळे सुमारे हजार पटींनी घटते. हा पराक्रम लहान नाही, आणि त्याकडे नाक मुरडण्याचे कारणही नाही. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने अशाच प्रणालींच्या आधारे पावसाच्या आगमनाचे अंदाज तेरा राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना भ्रमणध्वनीवर कळवले; ज्या वर्षी मोसमी वारे २४ मे रोजीच केरळात पोचून सगळ्यांना घाईत पाडून गेले आणि मग मध्येच थबकले, त्या वर्षी पेरणीची घाई करावी की न करावी याचा सल्ला महिनाभर आधी हाती येणे म्हणजे काय, हे दुबार पेरणीचा खर्च ज्याने सोसला आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

तथापि हे यंत्र शिकले कोठून, हे विचारले पाहिजे. ते १९७९ नंतरच्या चार दशकांच्या हवामान-नोंदींवर शिकले. आणि त्या नोंदी म्हणजे जगभरच्या वेधशाळांत, जहाजांवर, विमानतळांवर ठराविक वेळी उठून दाबमापक वाचणाऱ्या अगणित अनाम कारकुनांचे, फुगे सोडणाऱ्या सेवकांचे आणि त्यांचे आकडे एका सुसंगत इतिहासात गुंफणाऱ्या सार्वजनिक संस्थांचे श्रम होत. ज्या समीकरणांना हे यंत्र मागे टाकते असे म्हटले जाते त्याच समीकरणांनी तो इतिहास जुळवून दिला आहे. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातीत हा ऋणनिर्देश बारीक अक्षरांत असतो, इतकेच.

आणि शिकलेल्या संबंधांवर विसंबण्यातला धोका महाराष्ट्राने फार पूर्वी अनुभवलेला आहे. १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी हिंदी कर्मचाऱ्यांच्या हातून जगभरच्या दाबांची, तापमानांची आणि पर्जन्यमानांची प्रचंड आकडेमोड करून घेतली आणि मोसमी पावसाशी कोणकोणत्या गोष्टींचा सहसंबंध आहे हे हुडकले. कारण ठाऊक नसतानाही संबंध ठाऊक असला तर भाकीत करता येते, ही त्यांची भूमिका म्हणजे आजच्या बुद्धिमान यंत्राचीच भूमिका होती, फक्त यंत्राच्या जागी माणसे होती. पुढे १९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे सूत्र सिद्ध केले. हिमालयावरील बर्फ, प्रशांत महासागराचे तापमान, उत्तर गोलार्धातील हवेचा दाब अशा सोळा साक्षीदारांची जबानी घेऊन देशाच्या एकूण पावसाचा निवाडा करणारे हे 'गोवारीकर मॉडेल' मराठी वाचकांच्या घराघरांत पोचले, वृत्तपत्रांनी ते अभिमानाने मिरवले, आणि दहा-बारा वर्षे त्याने लौकिकही राखला. मग २००२ साल उजाडले. अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता; प्रत्यक्षात जुलै जवळजवळ अर्धा कोरडा गेला आणि हंगामाची तूट १९ टक्क्यांवर जाऊन देश दुष्काळात सापडला. सोळापैकी काही साक्षीदारांचा पावसाशी असलेला जुना घरोबा मधल्या काळात सुटत गेला होता, हे नंतरच्या चिकित्सेत दिसले आणि हवामान खात्याने २००३ मध्ये सूत्र बदलले. यात गोवारीकरांची अप्रतिष्ठा मुळीच नाही. त्यांचे सूत्र छापलेले होते, सोळाही घटक उघड होते, म्हणून कोणता साक्षीदार उलटला हे शोधता आले.

आजच्या यंत्रात असे साक्षीदार सोळा नसून कोट्यवधी आहेत आणि त्यांतील एकाचेही नाव सांगता येत नाही. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात मनन करण्याजोगा आहे. त्यांनी अशाच एका हवामान-यंत्राला शिकवताना तीव्र श्रेणीची सर्व चक्रीवादळे त्याच्या पाठातून वगळली, आणि मग अतितीव्र वादळाची पूर्वावस्था त्याच्यापुढे ठेवली. यंत्राने वादळ ओळखले, पण ते सौम्यच राहील असे सांगितले. जे पाहिलेच नाही ते त्याला कल्पिता आले नाही. तापत्या पृथ्वीवर ज्या आपत्ती आपल्याला भिववतात त्या नेमक्या कधी न पाहिलेल्या आहेत, त्यामुळे हा दोष यंत्राच्या काठावरचा नाही. ज्या कामासाठी त्याला आणायचे त्याच कामाच्या गाभ्यातला आहे.

आता आपल्या दारातील नदीकडे वळू. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात जे घडले ते कोल्हापूर, सांगली आणि शिरोळ तालुका अद्याप विसरलेला नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानतात. पाणी ५७ फुटांवर गेले. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३ या मर्यादा आहेत. पाणी ५५ च्या वर चढले, आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तितक्याच उंचीला भिडले. पाणी ओसरल्यावर चिखल काढण्याच्या आधी वाद सुरू झाला. सांगलीकर म्हणतात, कर्नाटकातील अलमट्टीचा फुगवटा आमच्या दारापर्यंत येतो. कर्नाटक म्हणते, इतक्या अंतरावर तो येणे अशक्य. राज्य शासनाने नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीवर मुख्य बोट ठेवले आणि अलमट्टीला दोषी धरले नाही; त्या निष्कर्षाने नदीकाठच्या पुष्कळांचे समाधान झाले नाही. इकडे कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्येच अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरांवरून ५२४.२५६ मीटरांपर्यंत नेण्यास मुभा दिलेली असल्याने हा वाद केवळ झालेल्या पुराचा राहिलेला नाही, तो येणाऱ्या प्रत्येक पुराचा झाला आहे.

संपूर्ण खोऱ्याचे प्रामाणिक प्रतिरूप येथे काय करू शकेल याचा विचार केला की माझ्यासारख्या संशयी माणसालाही मोह पडतो. कोयनेत १०५ टीएमसी पाणी मावते. ऑगस्टच्या आरंभी ती किती रिकामी ठेवावी? वारणेचे पाणी हरिपूरच्या संगमावर आणि पंचगंगेचे नृसिंहवाडीला पोचण्यास किती तास लागतात, आणि दोन्ही लाटा एकाच रात्री एकमेकींवर चढू नयेत म्हणून कोणत्या धरणाचा विसर्ग किती आधी सुरू करावा? शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गाचा जो भराव पुराला बांधासारखा आडवा येतो अशी कोल्हापूरकरांची जुनी तक्रार आहे, तो काढून तेथे खांबांवरचा पूल केला तर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीचे पाणी किती उतरेल? असे प्रश्न आज सभांतून घोषणेच्या सुरात विचारले जातात आणि उत्तरेही त्याच सुरात मिळतात. प्रतिरूपात तोच पूर भरावासह एकदा आणि भरावाविना एकदा सोडून पाहता येईल. अलमट्टीची पातळी वर-खाली करून फुगवट्याची शेपटी कोठवर जाते हेही पाहता येईल. उत्तर कोणाच्या बाजूने लागेल हे मी जाणत नाही, आणि ज्यांना ते आधीच ठाऊक आहे अशा दोन्ही तीरांवरील मंडळींविषयीच मला अधिक धास्ती वाटते.

धरणावर बसलेल्या अभियंत्याची कैफियतही येथे ऐकून घेतली पाहिजे. जुलैत पाणी सोडले आणि पुढे पाऊस रुसला, तर धरण अपुरे राहिल्याचा दोष त्याच्या माथी. न सोडले आणि ऑगस्टात आभाळ फाटले, तर पुराचा दोष त्याच्याच माथी. पहिला दोष वर्षभर रोज दिसतो, दुसरा एखाद्या वर्षी येतो. म्हणून माणूस स्वभावतः धरण भरून घेण्याकडे झुकतो. जलाशय परिचालनाची सूची असते, पण ती सरासरीच्या पावसाला धरून बेतलेली असते. अशा माणसाच्या हाती पाच दिवसांचा पाऊस संभाव्यतेसह सांगणारे साधन दिले तर त्याचे मन घट्ट होण्यास मदत होईल. मात्र शंभरात सत्तर शक्यता अतिवृष्टीची आहे असे यंत्राने सांगितले, त्यावरून पाणी सोडले आणि उरलेली तीस खरी ठरली, तर त्या हुकुमाखाली सही कोणाची, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये याच खडकवासल्यावर आपले स्वयंचलित दरवाजे बसवले. ठरलेल्या पातळीच्या वर पाणी चढताच ते पाण्याच्याच भाराने उघडत. ते माणसाच्या निर्णयाशिवाय चालत, हे खरे, पण ते कधी उघडणार हे काठावरच्या कोणालाही आधीच ठाऊक असे. आजचे बुद्धिमान यंत्र स्वयंचलित असूनही असे उघड नाही. त्याच्या आड लपणे सोपे आहे. 'मॉडेलने असे सांगितले' हे वाक्य आपल्या कचेऱ्यांत 'वरून आदेश आहे' या जुन्या वाक्याची जागा घेईल, ही भीती मला निराधार वाटत नाही.

म्हणून माझा आग्रह प्रतिरूपाच्या बुद्धीपेक्षा त्याच्या दप्तराविषयी अधिक आहे. जुन्या पेढीवरील रोजकीर्दीत चुकलेली नोंद खोडून गिळून टाकण्याची मुभा नसे. तिच्यावर रेघ मारून, ती वाचता येईल अशी ठेवून, खाली दुरुस्ती लिहीत. नदीच्या प्रतिरूपाचे दप्तर असेच हवे. कोणत्या दिवशी कोणत्या वेळी त्याने आयर्विन पुलावर किती फूट सांगितले, प्रत्यक्षात किती झाले, अंतर का पडले, त्यानंतर आतील कोणते मोजमाप बदलले, हे सर्व तारीखवार जतन झाले पाहिजे आणि ते सांगलीच्या कोणाही वकिलाला, शिक्षकाला, शेतकऱ्याला अर्ज न करता पाहता आले पाहिजे. आज संकेतस्थळावर नवा अंदाज आला की जुना नाहीसा होतो. आणि ज्या साधनाच्या चुका नाहीशा होतात ते साधन शिकत आहे की नुसते बदलत आहे हे कोणाला कळावे?

दुसरी बाब मापनाची, आणि येथे तर आपली कंगाली उघडीच आहे. महाराष्ट्रात महसूल मंडळागणिक एक अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे 'महावेध' योजनेखाली उभी राहिली, ही कामगिरी मोलाची आहे. परंतु सह्याद्रीचा पाऊस महसुली हद्दी पाळत नाही. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा पाऊस घाट उतरून वाईत येताच हजाराच्या आत येतो. कोयना, वारणा, कासारी, कुंभी यांच्या उगमाकडील कड्याकपारींत, जेथे पूर जन्माला येतो, तेथेच मापके विरळ. मुसळधार पावसात संपर्क तुटतो, सौरपट्टीवर शेवाळ चढते, दुरुस्तीच्या ठेक्याची मुदत संपलेली असते, आणि ज्या रात्री आकड्याची गरज त्याच रात्री आकडा मौन धरतो. त्यात पात्र स्थिर नाही. वाळूचा उपसा, गाळ, बंधारे, काठावरची भर यांनी नदीचे आडवे छेद दरवर्षी बदलतात, पण त्यांची मोजणी मात्र दरवर्षी होत नाही. मग दहा वर्षांपूर्वीच्या पात्रात आजचा पूर सोडून मिळालेले उत्तर दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत छापले, तरी ते उत्तर दहा वर्षांपूर्वीच्या नदीचेच असते. याउलट नृसिंहवाडीच्या पुजाऱ्यांना आणि नावाड्यांना पाणी मंदिरात कधी शिरणार हे वर्षानुवर्षांच्या अवलोकनाने उमगते. उत्तरद्वारातून शिरलेले पाणी पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते त्या दक्षिणद्वार सोहळ्याचे दिवस आणि वेळा स्थानिक बातमीदारांनी किती तरी वर्षे नोंदवल्या आहेत. ज्याच्या पायऱ्या हलत नाहीत असे ते एक उत्तम पातळीदर्शक आहे. अशा नोंदी गोळा करून प्रतिरूपाची परीक्षा घेण्यास फार खर्च येणार नाही. परंतु ज्या कामात खर्च थोडा त्या कामाची निविदा निघत नाही, हा आपला अनुभव.

विजेचा प्रश्न जाता जाता नमूद करतो, कारण पर्यावरणरक्षणाचे साधन स्वतःच किती खाते हे विचारण्याची आता रीत पडली आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगातील माहिती-केंद्रांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास, म्हणजे एकूण विजेच्या दीड टक्का, वीज वापरली. आयर्लंडसारख्या चिमुकल्या देशात तर २०२३ मध्ये मोजलेल्या विजेचा २१ टक्के वाटा त्यांच्याकडे गेला. नवी मुंबईत अशा केंद्रांची रांग उभी राहत असताना हे आकडे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तरीपण एका खोऱ्यापुरते पुराचे प्रतिरूप चालवण्यास जी वीज लागेल ती या राशीत नगण्य आहे, आणि करमणुकीची चित्रे घडवण्याचा खर्च नदीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

याहून अवघड प्रश्न प्रतिरूपाचे उत्तर पसंत न पडल्यास काय, हा आहे. आपल्याकडे पूररेषा आखलेल्या आहेत; पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम निषिद्ध, दोहोंच्या मध्ये नियंत्रित. कोल्हापूर-सांगलीत या रेषांच्या आत काय काय उभे राहिले आहे हे पाहण्यास संगणकाची गरज नाही, पुलावर उभे राहिले तरी पुरे. जे पूर शंभर वर्षांचे मानले जात होते ते २००५, २०१९ आणि २०२१ अशा ओळीने आल्यावर प्रामाणिक प्रतिरूप दोन्ही रेषा नदीपासून दूर सरकवील; एक रेघ सरकली की हजारो चौरस मीटर भूखंडांचा भाव कोसळेल, मंजूर आराखडे अडचणीत येतील, आणि ज्यांनी उद्घाटनाला फीत कापली तेच 'मॉडेल अद्याप प्रायोगिक आहे' असे सांगू लागतील. पर्यावरणविषयक संशोधनात ज्ञानाची उणीव अनेकदा असते, हे मान्य. परंतु पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला तेव्हा उणीव ज्ञानाची नव्हती. तो अहवाल लोकांच्या हाती देण्यासही माहिती आयोगाचा आणि न्यायालयाचा आधार घ्यावा लागला. नदीच्या प्रतिरूपाचे निष्कर्ष असेच कुलपात गेले, तर त्याच्या आतील बुद्धी कितीही कृत्रिम अथवा अस्सल असो, काठावरच्या माणसाला तिचा उपयोग शून्य.

हे टाळण्याचा एकच व्यवहार्य मार्ग मला दिसतो, तो असा की प्रतिरूप एका राज्याच्या एका खात्याचे नसावे. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी, आणि खालच्या अंगाचे म्हणून तेलंगण व आंध्र यांनीही, एकाच पात्राची एकच मोजणी, एकाच पर्जन्यमापकांचे एकच आकडे आणि एकच उघडी संगणक-संहिता मान्य करावी. खडकवासल्याचे केंद्र केंद्रीय सत्तेखालील आणि नद्यांच्या बाबतीत अनुभवी असल्याने दप्तर त्याच्याकडे सोपवण्यास हरकत नसावी. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि सांगलीचे वालचंद महाविद्यालय यांना तोच पूर स्वतंत्रपणे सोडून पाहण्याचा अधिकार असावा. लवादापुढे प्रत्येक पक्षाने आपापले गणित आणून दुसऱ्याचे खोटे ठरवण्यात दशके गेली. समान गणितावर भांडण झाले तर ते निदान इच्छेविषयी होईल, उंचीविषयी होणार नाही. आणि पैशाची तरतूद करताना क्रम उलटा लावू नये: पहिल्या वर्षी पाणलोटातील मापके, त्यांची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कायम नेमणुका व नदीच्या आडव्या छेदांची मोजणी, दुसऱ्या वर्षी २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर प्रतिरूपात सोडून त्यांचे ताळेबंद मराठीत व कानडीत प्रसिद्ध करणे, आणि मंत्रालयातील भिंतभर पडदा, ज्याच्यासमोर उभे राहून छायाचित्र काढून घेण्याची सर्वांनाच घाई असते, तो तिसऱ्या वर्षी, शिल्लक उरल्यास.